कोविडनंतर कवटीच्या हाडांना होणारा बुरशीसंसर्ग

नवी मुंबईत वाशी येथील सिडकोच्या प्रदर्शन केंद्रात २०२० साली कोविड रुग्णांसाठी उपचार केंद्र सुरू करण्यात आले. राज्यात अन्यत्रही अशी केंद्रे उघडली आणि असंख्य रुग्ण बरे होऊन घरी परतले. परंतु २०२१ च्या दुसऱ्या लाटेत निराळेच संकट उभे राहिले. बऱ्या झालेल्या काही रुग्णांचे गाल दुखू लागले, दात हलू लागले, डोळे सुजले. नाकालगतच्या पोकळ्यांत शिरलेली बुरशी जबड्याचे व कवटीच्या तळाचे हाड पोखरत असल्याचे तपासणीत आढळले. हाच म्युकरमायकोसिस होय. २८ जून २०२१ पर्यंत देशात त्याचे ४०,८४५ रुग्ण नोंदले गेले व ३,१२९ जण दगावले.

हाड का मरते?

या बुरशीचे सूक्ष्म बीजाणू माती, कुजलेला पालापाचोळा व शिळे अन्न यांत सर्वत्र असतात. श्वासावाटे ते प्रत्येकाच्या नाकात जातात; निरोगी शरीर त्यांचा सहज नाश करते. मात्र रक्तातील साखर वाढलेली असेल आणि स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती क्षीण झाली असेल, तर बुरशी फोफावते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्ताच्या गाठी निर्माण करते. रक्तपुरवठा तुटताच त्या भागातील ऊती काळ्या पडतात व हाड मृत होते. 'काळी बुरशी' हे नाव त्यावरूनच पडले. बुरशी स्वतः काळी नसते. मृत हाडापर्यंत औषधही पोचत नाही. त्यामुळे संसर्ग तेथे दडून राहतो आणि कधी कधी काही महिन्यांनी कपाळावरील सूज किंवा सततची डोकेदुखी या रूपाने प्रकट होतो.

उपरोक्त रुग्णांपैकी २६,१८७ जणांना मधुमेह होता, तर २१,५२३ जणांना स्टेरॉइड देण्यात आले होते. स्टेरॉइड निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. प्राणवायूची गरज भासणाऱ्या कोविड रुग्णांचे प्राण त्याने वाचविले आहेत. ज्यांना तशी गरज नाही, त्यांना मात्र त्याचा लाभ होत नाही, हे २०२० मधील ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासात दिसून आले. म्हणून हे औषध वैद्यकीय सल्ल्यानेच, ठरावीक मात्रेत व मुदतीत घ्यावे आणि त्या काळात साखर नियमित तपासावी.

निदान व उपचार

नाकाची दुर्बिणीतून तपासणी, ऊतींच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षा आणि सीटी वा एमआरआय यांवरून निदान होते. मृत भाग शस्त्रक्रियेने काढून टाकणे, अॅम्फोटेरिसिन-बी हे औषध शिरेवाटे देणे व साखर आटोक्यात आणणे ही उपचाराची त्रिसूत्री आहे. मे २०२१ मध्ये राज्य शासनाने या रोगाचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केला.

गावपातळीवरील कर्तव्य

हा रोग एकापासून दुसऱ्यास होत नाही. म्हणून रुग्णास वाळीत टाकण्याचे कारण नाही. एका बाजूचे नाक चोंदणे, नाकातून काळपट स्राव, गालाला बधिरता, टाळूवर काळा व्रण, दुहेरी दिसणे यांपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात जावे. दातदुखी समजून घरी थांबण्यात गेलेला काळ डोळा किंवा प्राणही हिरावू शकतो. आजारातून उठलेल्या मधुमेही व्यक्तींची यादी ग्रामपंचायतीने आरोग्यसेविकेच्या साहाय्याने ठेवावी, त्यांची साखर तपासून घ्यावी आणि शिक्षकांनी ही लक्षणे पालकसभेत समजावून सांगावीत. ताप उतरला म्हणजे आजार संपला असे नव्हे. पुढील काही आठवड्यांची दक्षता हाही उपचाराचाच भाग आहे.