कपोत गुरू आणि भक्तपूरचा एक मुलगा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यातला आठवा गुरू कपोत, म्हणजे कबूतर. हा अगदी तुमच्या-आमच्यासारखा गृहस्थ. पिले पारध्याच्या जाळ्यात सापडली, त्यांच्यामागे मादी गेली आणि दुःखाने हाही त्याच जाळ्यात पडला. कथा ऐकली की मनात येतं, मग काय, माया करूच नये? या प्रश्नाचं उत्तर मला नेपाळात थोडंफार उमगलं. ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात मोठा भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसं गेली. दुसऱ्या वर्षी मी नोकरीतून निवृत्त झालो आणि एका ओळखीच्या गृहस्थांमुळे भक्तपूरजवळच्या एका बालगृहात तीन महिने सेवेला गेलो. सकाळी भाज्या निवडायच्या, संध्याकाळी मुलांची गणितं घ्यायची. नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्यामुळे त्यांची पुस्तकं मला वाचता येत. मुलं मला ‘हजुरबा’ म्हणत, म्हणजे आजोबा.

भक्तपूरला दत्तात्रेयांचं पंधराव्या शतकातलं मंदिर आहे. एकाच झाडाच्या लाकडातून ते उभारलं, अशी तिथली समजूत. समोर उंच खांबावर गरुड, दाराशी दोन मल्ल. दर गुरुवारी मी तिथे जाऊन बसे.

बालगृहात नऊ वर्षांचा एक मुलगा होता, सिंधुपाल्चोक जिल्ह्यातला. भूकंपाचा तडाखा ज्या जिल्ह्यांना फार बसला त्यांतला हा एक. मुलगा कोणाशी बोलत नसे. सगळे त्याला अबोलच म्हणत. पण गणिताची वही घेऊन माझ्या शेजारी येऊन बसे. त्याच्या दहावीपर्यंतचा खर्च आपण उचलायचा, असं मी आणि सौ.ने फोनवर ठरवून टाकलं.

नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘अनाथ’ लिहिलेलं होतं. नेपाळात अशा संस्थांतल्या पुष्कळ मुलांचे आईवडील किंवा जवळचे नातेवाईक हयात असतात. शहरात चांगली शाळा मिळेल असं सांगून दलाल गावातून मुलं आणतात. म्हणून तर भूकंपानंतर सरकारने पालकांशिवाय मुलं जिल्ह्याबाहेर नेण्यावर निर्बंध घातले. तिथली एक कार्यकर्ती कागद घेऊन गावोगाव चढली-उतरली आणि या मुलाची आजी शोधून काढली. वडीलही होते, आखातात मजुरीला.

दसैं, म्हणजे त्यांचा दसरा, झाल्यावर आजी न्यायला आली. गावातली शाळा पत्र्याची, तासभर चढणीवर. मी मंदिरात जाऊन बसलो आणि महाराजांना विचारलं, “इथं सगळं नीट लागलं होतं. मग ही कसली योजना?” उत्तर काही आलं नाही.

परत आलो तर अंगणात तो आजीच्या मांडीला टेकून बोलत होता. एकसारखा, न थांबता. तामाङ भाषेत. बालगृहात ती भाषा कोणालाच येत नव्हती. मी दारातच थांबलो. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू!

कपोताने पिलांवर माया केली यात दोष नव्हता. ती आपलीच, आपल्याशिवाय त्यांना कोणी नाही, ही गाठ त्याला सोडवेना. दत्तमहाराजांनी त्या मुलासाठी मला तीन महिने दिले होते. पुढचं काम आजीकडे होतं. त्याच्या शिक्षणाचे ठरवलेले पैसे आता गावी जातात, एवढाच फरक.

यातून तीन गोष्टी मनाशी धराव्यात.

पहिली, योजनेवर विश्वास म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. नववा गुरू अजगर मिळेल त्यात समाधान मानायला शिकवतो, पण ते स्वतःच्या ताटापुरतं. दुसऱ्याच्या लेकराचा प्रश्न आला की त्या कार्यकर्तीसारखं डोंगर चढावं लागतं.

दुसरी, ज्याचं घर कोसळलं त्याला ‘ही देवाचीच इच्छा’ असं ऐकवू नये. ते वाक्य स्वतःला सांगायचं असतं. त्याला आधी ताटभर भात द्यावा.

तिसरी, आपण सणावाराला अनाथ मुलांसाठी देणगी देतो. देताना नम्रपणे विचारावं, या मुलांचं कोणी आहे का? त्यांना घरी पोचवायला काही मदत लागेल का?

आपलीही मुलं-नातवंडं आज दूरदेशी आहेत. दत्तजयंतीला पाळणा हलवताना दोरी हाती धरतो आणि मग पुढच्या भक्ताच्या हाती देतो. माया तशीच करावी, एवढी बुद्धी महाराजांनी आपणा सर्वांना द्यावी, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥