ऐतिहासिक नाट्यगृहाचा नामफलक आणि दिवे : खर्च कोणी करावा?

जुन्या नाट्यगृहाच्या जतनाचे अंदाजपत्रक करताना रंगमंच, छत व आसने यांचा प्रथम विचार होतो. दर्शनी भागावरील नामफलक व रोषणाई हा शोभेचा खर्च समजला जातो आणि निधी अपुरा पडताच तो वगळला जातो. सार्वजनिक वित्ताच्या अभ्यासकाने हा समज तपासून पाहावयास हवा.

सार्वजनिक वस्तूची लक्षणे

नाट्यप्रयोगास तिकीट लावता येते. तिकीट नसलेल्यास प्रवेश नाकारता येतो. उजळलेला नामफलक मात्र रस्त्यावरील प्रत्येकास दिसतो. त्यापासून कोणास वगळता येत नाही आणि एकाने पाहिल्याने दुसऱ्याचा उपभोग घटत नाही. ही दोन्ही लक्षणे सार्वजनिक वस्तूची होत. पादचारी व शेजारचे दुकानदार यांना मिळणारा हा बाह्य लाभ तिकीटविक्रीत उतरत नाही. म्हणून हा खर्च केवळ तिकिटावर सोपविल्यास तो समाजाच्या गरजेपेक्षा कमीच होतो.

मालकीचे तीन प्रकार

सिमल्याचे गेटी थिएटर (१८८७) राज्य शासनाच्या ताब्यात असून जीर्णोद्धारानंतर ते २००९ मध्ये पुन्हा खुले झाले. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस गोंडलच्या राजघराण्याच्या मालकीचे आहे. १९९३ मध्ये बंद पडलेली ही वास्तू २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाली. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये 'पॅलेस थिएटर' म्हणून उभारले. महानगरपालिकेच्या या नाट्यगृहाची ऑगस्ट २०२४ मधील आगीत मोठी हानी झाली व त्यानंतर पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. मालक भिन्न असले तरी दर्शनी भागाचा लाभ तिन्ही ठिकाणी नागरिकांनाच मिळतो.

घटनात्मक चौकट

नाट्यगृहे हा राज्यसूचीतील ३३ व्या नोंदीचा विषय आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीत सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन (नोंद १३) आणि रस्त्यावरील दिव्यांसह सार्वजनिक सुविधा (नोंद १७) ही कामे आहेत. नाट्यगृहाचा दर्शनी प्रकाश या दोन्ही नोंदींच्या जवळचा आहे. १०१ व्या घटनादुरुस्तीने (२०१६) जाहिरातींवरील कराची ५५ वी नोंद वगळली. करमणूक कर मात्र स्थानिक संस्थांनी आकारण्यापुरता ६२ व्या नोंदीत राहिला. त्यातील काही वाटा अशा वास्तूंसाठी राखून ठेवता येईल.

भांडवली व महसुली खर्च

६० वॅटचे १०० दिवे रोज ५ तास याप्रमाणे वर्षातून ३०० दिवस लावले, असे मानू. वीजवापर ९,००० युनिट होईल. ९ वॅटचे एलईडी दिवे वापरल्यास तो १,३५० युनिटांवर येईल, म्हणजे ७,६५० युनिटांची बचत होईल. मात्र पांढराशुभ्र प्रकाश जुन्या वास्तूस विसंगत ठरतो. मूळच्या पिवळसर छटेशी जुळणारे दिवेच निवडावेत. मूळ अक्षरे दुरुस्त होण्यासारखी असतील तर ती बदलू नयेत.

नवे दिवे व वीजवाहिन्या हा भांडवली खर्च. नियमित तपासणी, रंगकाम व वीजदेयक हा महसुली खर्च. पहिल्यासाठी अनुदान एकदाच मिळते, दुसऱ्यासाठी तरतूद दरवर्षी करावी लागते. ती नसेल तर उद्घाटनाच्या दिवशी उजळलेला फलक काही वर्षांतच अंधारात जातो. म्हणून विजेतील बचत सर्वसाधारण खात्यात न विरघळविता स्वतंत्र देखभाल निधीत जमा करणे हिताचे ठरेल.

सरावासाठी प्रश्न

१. नाट्यप्रयोग व नाट्यगृहाचा उजळलेला दर्शनी भाग यांतील आर्थिक भेद स्पष्ट करा.

२. खाजगी मालकीच्या वारसा वास्तूच्या दर्शनी भागासाठी सार्वजनिक निधी द्यावा काय? सकारण चर्चा करा.