मुतखडा आणि आतली नळी

आपल्या धाराशिव जिल्ह्यात ऊन फार. माणूस दिवसभर रानात राबतो, घाम गाळतो, पण पाणी कमीच पितो. बायाबापड्या तर आडोसा नाही म्हणून पाणी प्यायचेच टाळतात. मग लघवी थोडी आणि दाट होते. तिच्यातले क्षार साचून खडा बनतो. हाच मुतखडा. टोमॅटोचे बी अडकून खडा होतो म्हणतात, ते काही खरे नव्हे.

मूत्रपिंडातून लघवी खाली मूत्राशयात येते ती एका बारीक नळीतून. ही नळी वीतभराहून थोडी लांब, पण आतून ज्वारीचा दाणा कसाबसा जाईल एवढीच. दाण्याएवढा खडा पुष्कळदा आपोआप पडतो. मोठा अडकतो. मग कमरेपासून जांघेपर्यंत अशी कळ येते की माणूस गडबडा लोळतो.

दोन दिवसांनी कळ थांबते. माणूस म्हणतो, "हुलग्याचं माडगं प्यालो, खडा गेला." आम्ही विचारतो, गेलेला कुणी पाहिला? कधी कधी खडा तिथेच बसतो आणि दुखतही नाही. वर लघवी तुंबून मूत्रपिंड हळूहळू निकामी होते. म्हणून सोनोग्राफी करून खात्री करावी. कळेबरोबर थंडीताप आला किंवा लघवी बंद झाली, तर रात्र काढू नये. लगेच दवाखाना गाठावा.

"पण पोट फाडतील ना!" ही भीती आता धरू नका. पूर्वी मोठा छेद घ्यावा लागे, आता तो क्वचितच लागतो. लघवीच्या वाटेनेच बारीक दुर्बीण आत घालतात आणि लेसरच्या किरणाने खड्याचा चुरा करतात. टाका एकही पडत नाही. खडा सुपारीएवढा असेल, तर पाठीला करंगळी जाईल एवढे छिद्र पाडून तो फोडून काढतात.

तिसरी रीत बाहेरूनच हादरे देण्याची. तिची गोष्ट गमतीची आहे. जर्मनीत डोर्निअर नावाची विमाने बनवणारी कंपनी होती. वेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळले की आत हादरा कसा जातो, हे तिथले लोक तपासत होते. त्यातून खडा फोडण्याची युक्ती निघाली. १९८० साली म्युनिक शहरात पहिल्या रोग्यावर ती वापरली.

खर्चाचे म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याची काही ऑपरेशने बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्या. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतो, त्याला आधी विचारा.

आता नीट ध्यान द्या. ऑपरेशननंतर डॉक्टर पुष्कळदा आत एक मऊ नळी ठेवतात. तिला स्टेंट म्हणतात. सुजलेल्या वाटेतून लघवी उतरावी म्हणून ती असते. ती असेपर्यंत लघवीला वरचेवर लागते, कधी लघवी लालसर होते. त्याला घाबरू नये. पण काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, डॉक्टर सांगतील तेव्हा, ती काढलीच पाहिजे. राहून गेली तर तिच्यावरच खडे बसतात आणि मूत्रपिंड धोक्यात येते.

भूम, वाशी, कळंबकडच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात त्या उन्हाळ्यातच परततात. नळी आत असेल तर हे चार-सहा महिने फार झाले. नळी काढायची तारीख दवाखान्याच्या कागदावर ठळक लिहून घ्या आणि घरच्यांनाही सांगा. कारखाना लांब असला तरी तिथल्या शहरातल्या दवाखान्यात नळी काढता येते. तेवढा कागद मात्र जवळ ठेवा.