चुटका संपला, हसू उरलं

प्रश्न: मी मूळची साताऱ्याची, नोकरीनिमित्त बंगळुरूत राहते. सकाळी लालबागेत फिरायला जाते, तेव्हा तिथे काही वयस्क मंडळी गोल करून टाळ्या वाजवत ‘हो हो, हा हा हा’ करताना दिसतात. कुणी विनोद सांगत नाही, तरी थोड्या वेळानं ती खरोखरच हसायला लागतात आणि लांबून पाहणाऱ्या मलाही हसू फुटतं. उलट ऑफिसात मी आपले चांगले मराठी विनोद हिंदी-इंग्रजीत करून सांगते तेव्हा सगळे ढिम्म. विनोद नसताना हसू येतं आणि विनोद असताना येत नाही, हे कसं काय? आणि या हसण्याचा समाजाला नेमका उपयोग तरी काय?
— एक वाचक, जयनगर, बंगळुरू

उत्तर: लालबागेतल्या मंडळींचं मूळ मुंबईत आहे, अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातल्या बागेत. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया भल्या सकाळी तिथे गेले आणि फिरायला आलेल्यांना म्हणू लागले, चला, हसण्याचा क्लब काढू या. बहुतेकांनी त्यांना वेड्यात काढलं. पहिल्या दिवशी जमले जेमतेम चार-पाच जण. पुढे संख्या वाढली. पद्धत साधी होती: गोल करायचा, एकानं मध्ये येऊन चुटका सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं.

ही पद्धत दोन आठवड्यांतच कोलमडली. चांगले चुटके संपले. मग शिळे आले, मग चावट आले, मग कुणाला ना कुणाला बोचणारे. काही जण दुखावले, क्लब बंद करण्याची भाषा सुरू झाली. कटारियांनी एका दिवसाची मुदत मागितली आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, आता चुटके नकोत, नुसतं हसू या. सुरुवातीला ओढून-ताणून हसायचं, पण समोरच्याच्या डोळ्यांत बघून. थोड्या वेळात ते हसू खरं झालं. आज हे क्लब जगभर आहेत. माझ्या मते त्या फसलेल्या दोन आठवड्यांनी हसण्याविषयी जे शिकवलं ते जाडजूड ग्रंथांतही सहजी सापडत नाही. विनोदाचा साठा लवकर आटतो आणि आटता आटता तो माणसांना दुखावतो; हसण्याला मात्र त्या साठ्याची गरजच नव्हती.

रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी शास्त्रज्ञानं हेच मोजून पाहिलं. त्यानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी बाजारात, कॉलेजच्या आवारात लोकांचं बोलणं कान देऊन ऐकलं आणि हसण्याचे सुमारे १२०० प्रसंग टिपले. हसू फुटण्याच्या आधी बोललं गेलेलं वाक्य विनोदी म्हणावं असं दहा-वीस टक्के वेळांनाच निघालं. बाकीच्या वेळी लोक हसले ते ‘बरं, भेटू मग’ किंवा ‘अरे, तू इथे कसा?’ अशा कोरड्या वाक्यांवर. ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसतो, हेही त्याच्या टिपणांत दिसलं. आणि एकटा माणूस जितका हसतो त्याच्या तीसपट तो चार माणसांत हसतो. म्हणजे हसणं ही विनोदाला दिलेली दाद असण्याआधी समोरच्याला दिलेली खूण आहे: आपलं जमतंय, मी तुझ्याबरोबर आहे.

भरतमुनींनाही हे ठाऊक होतं. नाट्यशास्त्रात त्यांनी हास्य दोन प्रकारचं मानलं, आत्मस्थ आणि परस्थ. माणूस स्वतः हसतो ते एक आणि दुसऱ्याला हसवतो ते दुसरं. पुढे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्या लावल्या. मंद स्मित उत्तम लोकांचं आणि गडगडाटी हसू अधमांचं, अशी वाटणीही करून टाकली. लालबागेतले ‘हा हा हा’वाले त्या हिशेबात तळाला जातात. त्यांनी मनावर घेऊ नये.

घरातलं उदाहरण हवं तर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ पाहताना स्वतःवरच लक्ष ठेवा. तुम्ही जयनगरच्या फ्लॅटमध्ये एकट्या फोनवर पाहत असाल, तर कॅमेरा हसून लोळणाऱ्या परीक्षकांवर गेला की तुमचं हसू वाढतं. काही लोक त्या हसण्याला नावं ठेवतात, उगाच हसतात म्हणतात. पण तो कार्यक्रमाचा निम्मा भाग आहे. एकट्यानं पाहणाऱ्याला सोबत पुरवण्याचं काम ते हसणं करतं.

या सोबतीचा शरीरावरही परिणाम होतो. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटानं २०११ साली दाखवलं की विनोदी कार्यक्रम पाहून मनसोक्त हसलेली माणसं नंतर जास्त वेदना सोसू शकतात. याचं कारण मेंदूत सुटणारी एंडॉर्फिन द्रव्यं असावीत, असं त्यांचं म्हणणं. मात्र यावरून हसण्यानं रक्तदाब पळतो, मधुमेह जातो, असे फलक लावणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. तुम्हाला त्या गोलात उभं राहावंसं वाटलं तर जरूर राहा. हर्नियाचा त्रास असेल किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आता तुमच्या ऑफिसकडे. हसू भाषेची वेस ओलांडतं, विनोद वेशीवरच अडतो. कारण विनोद सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला आधीपासून काहीतरी मिळून माहीत असावं लागतं. पु. ल. देशपांड्यांचे ‘रावसाहेब’ घ्या. ‘गणगोत’मधले हे बेळगावचे कृष्णराव हरिहर, थिएटरचे मालक, संगीत-नाटकांवर जीव टाकणारे, कानडी वळणाचं मराठी बोलणारे आणि प्रेमानं शिव्या घालणारे. ते वाचून आपण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतो, कारण तो हेल आपल्या कानात आहे. इंग्रजीत ते रावसाहेब फक्त एक तोंडाळ गृहस्थ उरतील. गंमत अशी की तुमच्या ऑफिसात बेळगाव-धारवाडकडचा कुणी कन्नड माणूस असेल, तर तो कदाचित तुमच्याआधी हसेल.

वेस ओलांडलेला विनोदही आहे, आणि तो तुमच्याच बाजूनं निघून आमच्याकडे आला. आर. के. लक्ष्मण म्हैसूरचे. बंगळुरूचे डॉक्टर एम. शिवराम ‘राशी’ या नावानं लिहीत. त्यांनी १९४२ साली ‘कोरवंजी’ हे कन्नड विनोदी मासिक सुरू केलं, ते पंचवीस वर्षं चाललं. तरुण लक्ष्मण त्यात चित्रं काढत. पुढे ते मुंबईला आले आणि टाइम्स ऑफ इंडियात त्यांचा चौकटीच्या कोटातला, धोतर नेसलेला सामान्य माणूस रोज हजर राहू लागला. तो कधीच काही बोलत नाही. मंत्री भाषण करतो, कारकून फाइल सरकवतो, हा फक्त बघतो. त्यामुळे तो मुंबईकरांना मुंबईकर वाटला आणि बंगळुरूकरांना बंगळुरूचा. ट्रिनिटी सर्कलजवळ इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कार्टूनिस्ट्सचं व्यंगचित्रांचं कलादालन आहे. एखाद्या सुट्टीत तिथे जाऊन या, वेळ मात्र आधी विचारून घ्या.

राहिला समाजाला उपयोग काय हा प्रश्न. इथे जरा सावध राहायला हवं, कारण हसण्याचं गुणगान गाणारे त्याची दुसरी बाजू सांगत नाहीत. जे हसू गोलातल्यांना जवळ आणतं तेच गोलाबाहेरच्याला आणखी बाहेर ढकलतं. पुण्यात मुलींची हुजूरपागा शाळा १८८४ साली निघाली. दोनच वर्षांत नारायण बापूजी कानिटकरांचं ‘तरुणी शिक्षण नाटिका’ हे नाटक आलं. शिकलेल्या बायका कशा बिघडतील याचं चित्र रंगवून लोकांना हसवणं, हा त्याचा धंदा. कायदा करून मुलींना शाळेतून काढता आलं नसतं, पण त्यांना हसण्यावारी नेऊन घरी बसवता येईल, असा तो हिशेब होता. फ्रेंच तत्त्वज्ञ हेन्री बर्गसाँनं १९०० साली लिहिलं की हसणं ही समाजानं चाकोरी सोडणाऱ्याला दिलेली कानपिचकी असते. खरं आहे, फक्त चाकोरी कुणी आखली हे तो पुरेसं विचारत नाही.

ती कानपिचकी उलटवताही येते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’मधून तेच केलं. त्यांचे सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या स्वतःला मोठे धर्मनिष्ठ समजतात आणि जसजसे रूढींची बाजू घेतात तसतशा रूढीच हास्यास्पद होत जातात. पुणे-मुंबईचा वाचकवर्ग बराचसा तोच होता, हसण्याचा रोख मात्र फिरला. सुधारकांच्या गंभीर निबंधांनी जे साधलं नाही ते यानं साधलं, असं मी म्हणणार नाही. पण निबंध ज्यांनी उघडलेच नसते त्यांच्या हाती हे पुस्तक गेलं.

हसणाऱ्याचं तोंड खाली असण्याऐवजी वर, सत्तेकडे असलं की काय होतं, हे पाहायला तुम्हाला लांब जायला नको. १८४२ साली कर्नाटकातल्या भागवत मंडळींनी सांगलीत खेळ केले. ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. त्यात सूत्रधाराबरोबर विदूषक होता. कर्नाटकातल्या यक्षगान या लोकनाट्यातही असा ‘हास्यगार’ असतो, राजाच्या दरबारात उभा राहून गावातल्या सावकाराची टर उडवणारा. कन्नड रंगभूमीवर ही परंपरा मास्टर हिरण्णय्यांनी पुढे चालवली. ते २०१९ साली बंगळुरूत गेले. ‘लंचावतार’ हे त्यांचं लाचखोरीवरचं नाटक वर्षानुवर्षं चाललं. सकाळच्या वर्तमानपत्रातली बातमी ते संध्याकाळी संवादात घुसवत आणि पुढाऱ्यांना भर सभागृहात सोलून काढत.

आता विचार करा. कचेरीत लाच द्यावी लागते, हे त्या सभागृहातल्या प्रत्येकाला आधीच माहीत होतं. नाटकानं त्यांना नवी माहिती काहीच दिली नाही. पण आपल्याला माहीत असणं एक आणि शेजारच्यालाही ते माहीत आहे हे कळणं निराळं. शेकडो माणसं एका क्षणी एकाच वाक्यावर हसली की प्रत्येकाला उमगतं, अरे, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे आणि सगळ्यांनाच खुपतंय. त्यानंतर कुणी खुर्चीवरून ‘आमच्या खात्यात लाच चालतच नाही’ म्हणाला तर त्याला चेहरा सरळ ठेवणं अवघड जातं. मला विचाराल तर हसण्याचा समाजाला सगळ्यात मोठा उपयोग हाच. आणि खुर्चीवरच्यांना ते आपल्यापेक्षा आधी कळतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये बंगळुरूतच मुनव्वर फारुकी या स्टँडअप कलाकाराचा कार्यक्रम शांतताभंगाचं कारण देत पोलिसांनी आयोजकांना रद्द करायला सांगितला. तिकिटं काढलेल्या लोकांना हसायचं होतं, एवढंच. त्या कलाकाराचे विनोद आवडावेतच असं नाही; ज्याला आवडत नाहीत त्यानं तिकीट काढू नये.

ऑफिसचं म्हणाल, तर मराठी विनोदांची भाषांतरं करत बसू नका. सिल्क बोर्डच्या चौकात आज किती वेळ अडकलात ते सांगा, हसणारे आपोआप भेटतील. ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’, म्हणजे ‘जरा सांभाळून घ्या’, हे सगळ्या बंगळुरूचं मिळून आहे. जोडीला कन्नड शिकायला घ्या. तोडकंमोडकं बोललात की सुरुवातीला सहकारी तुमच्यावरच हसतील. हसू द्या, चहा तरी पाजतील.