गावचा पडदा आणि हातातील पडदा

नागभीड हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तेथून पूर्वेस गडचिरोलीकडे व उत्तरेस भंडारा-गोंदियाकडे पसरलेल्या रानांच्या, तळ्यांच्या व धानाच्या मुलखास झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीच्या सुमारास धान कापले जाऊन बांध्या मोकळ्या होऊ लागल्या, की या मुलखात नाटकांचे दिवस येतात व ते होळीपर्यंत चालतात. नागभीडहून आगगाडीने गोंदियाकडे निघाले असता ब्रह्मपुरीनंतर वडसा लागते. त्यासच देसाईगंज असेही नाव आहे. नाटकमंडळ्यांची ठाणी तेथे असून गावोगावचे लोक तेथूनच नाटक ठरवून आणतात.

नाटकाच्या दिवशी घरोघर पाहुणे उतरतात. लेकी माहेरी येतात. एखादी सोयरिकही त्याच निमित्ताने जुळते. रात्री मांडवात जमलेले गाव पहाटेसच उठते. कोणते नाटक पाहावयाचे, हे त्यातील कोणी एकट्याने ठरविलेले नसते. आजोबांस नाचगाणी नकोशी वाटतात, नातवास करुण प्रसंग लांबलेला वाटतो. तरी दोघेही शेजारी बसून सर्व पाहतात. आपल्याला न रुचणारी गोष्ट दुसऱ्यास का रडविते, हे नातवास तेथेच प्रथम दिसते.

यंत्रे आली तेव्हा त्यांनीही आरंभी माणसे एकत्रच बसविली. १९५६ साली पुणे व आसपासच्या जिल्ह्यांतील १५० खेड्यांत एक प्रयोग झाला. शेतकरी एकत्र बसून आकाशवाणीचा कार्यक्रम ऐकत व मग त्यावर चर्चा करीत. मुंबईस दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ मालिका लागे, तेव्हा ज्याच्या घरी संच असे त्याच्या ओसरीवर शेजारपाजार लोटे. वाहिन्या वाढल्यावर ओसरी रिकामी झाली व निवडीचा वाद घरातल्या घरात आला.

२०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि तो वादही मिटला. कारण आता ज्याचा पडदा त्याच्या हातात आहे. मात्र ही निवड वाटते तितकी आपली नसते. कोणते चित्र आपण शेवटपर्यंत पाहिले, कोणते मध्येच सोडले, कोठे बोट थांबले, याची नोंद तो कार्यक्रम चालविणारे संगणक ठेवतात व तशाच जातीचे पुढचे चित्र समोर आणतात. एकाच घरातील चौघांच्या हाती मग चार निराळी जगे येतात. काल काय पाहिले, असे एकाने विचारले तर दुसऱ्यास त्याचा पत्ताही नसतो.

यात लाभ नाही असे नव्हे. दूर रानातील खेड्यात राहणारी मुलगी आज आपल्या सवडीने गणिताचा धडा पुन्हा पुन्हा ऐकू शकते. मांडवात कोणी तिच्यासाठी प्रसंग थांबविला नसता. झाडीपट्टीची नाटकेही आता मोबाइलवर दिसतात.

२०२० मध्ये करोनाच्या साथीने गर्दीवर बंदी आली व मांडव ओस पडले. बंदी उठल्यावर मात्र मांडव पुन्हा उभे राहिले. २०२३ साली गडचिरोलीचे नट परशुराम खुणे यांस पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा झाडीपट्टीचे नाव देशभर गेले.

हातातील पडदा आपल्या प्रेक्षकास ओळखतो, तसा नटही ओळखतो. पण नटास एकटा प्रेक्षक भेटत नाही. पुढच्या रांगेतील मुले हसली तर तो विनोद थोडा लांबवितो. मागे बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींत चुळबुळ दिसली, की तोच विनोद आवरून पेटीवाल्याकडे पाहतो, आणि गाणे सुरू होते.