चेहऱ्यावर चेहरा घडवण्याचं शिक्षण

ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममधल्या एखाद्या मराठी घरात मुलीने बारावीनंतर ‘स्पेशल इफेक्ट्स मेकअप शिकायचाय’ म्हटलं, की आईबाबांच्या डोळ्यांपुढे ब्युटी पार्लर उभं राहतं. काळजी रास्त आहे, पण या कामाला लिपस्टिकपेक्षा प्लास्टर जास्त लागतं.

तरण्या नटाला म्हातारा करायचा, तर आधी त्याच्या चेहऱ्यावर अल्जिनेट थापतात. दाताचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात तेच. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवायच्या. काही मिनिटांत ते घट्ट झालं की वरून प्लास्टरच्या पट्ट्यांचा आधार द्यायचा. या साच्यात प्लास्टर ओतलं की नटाचा हुबेहूब चेहरा हाती येतो. त्यावर मातीत सुरकुत्या घडवायच्या, पुन्हा साचा काढायचा, त्यात सिलिकॉन ओतायचं. तयार तुकड्याची कड कागदाहून पातळ हवी, नाहीतर क्लोजअपमध्ये जोड दिसतो. खरा कस लागतो तो या कडेवर.

त्यामुळे पहिली तयारी शिल्पकलेची. त्यासाठी लगेच मुंबई गाठायला नको. ग्वाल्हेरच्या राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठात दृश्यकला आणि नाट्य दोन्ही शिकवतात. आयटीआयचा एक वर्षाचा कॉस्मेटॉलॉजी ट्रेड त्वचा, केस आणि स्वच्छतेचा पाया पक्का करतो. सिलिकॉनचे असे तुकडे घडवण्याचं काम, म्हणजे प्रोस्थेटिक्स, मात्र वेगळं शिकावं लागतं.

या वाटेने किती लांब जाता येतं, याचं मराठी उदाहरण म्हणजे रंगभूषाकार विक्रम गायकवाड. ‘मोनेर मानुष’ या बंगाली चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग 2011 सालच्या ‘बालगंधर्व’ आणि ‘द डर्टी पिक्चर’साठी. मे 2025मध्ये ते गेले. ‘गंगूबाई काठियावाडी’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या प्रीतिशील सिंग लॉस एंजेलिसच्या मेकअप शाळेत शिकल्या. आणि ‘द एक्झॉर्सिस्ट’ चित्रपटाचे रंगभूषाकार डिक स्मिथ? ते येल विद्यापीठात गेले होते दंतवैद्य व्हायला! पुढे त्यांनी पत्र लिहिणाऱ्या कित्येक मुलांना हातचं न राखता शिकवलं. त्यांतलाच एक रिक बेकर. 1982मध्ये मेकअपचं पहिलं नियमित ऑस्कर त्याला मिळालं.

पैशांबद्दल पालकांनी मुलांशी मोकळेपणी बोलावं. इथे महिन्याचा पगार क्वचितच असतो. रोजावर किंवा चित्रपटागणिक काम, मध्ये रिकामे महिने, सुरुवातीची वर्षं कुणाच्या तरी हाताखाली. ‘स्त्री’ चित्रपटाचं चित्रीकरण मध्य प्रदेशातल्याच चंदेरीत झालं खरं, तरी नियमित काम आजही मुंबई-हैदराबादकडेच जास्त आहे. जोडीला नाटक आहे, आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या सरावात खोट्या जखमा रंगवण्याचं कामही.

फी भरण्याआधी संस्थेत जाऊन पाहावं. विद्यार्थी स्वतः चेहऱ्याचा साचा घेतात, की फक्त शिक्षकांना घेताना पाहतात? सिलिकॉन फीमध्ये येतं की वेगळं विकत घ्यावं लागतं? या कामात वापरल्या जाणाऱ्या लेटेक्सची काहींना अ‍ॅलर्जी असते. आधी हातावर चाचणी घेतात का? शिकवणाऱ्याचं पडद्यावरचं काम दाखवायला संस्था टाळाटाळ करत असेल, तर तिथे पैसे भरू नयेत.

मुलीची आवड घरीही पारखता येते. खाण्याचं जिलेटिन, ग्लिसरीन आणि पाणी गरम करून, कोमट झाल्यावर मनगटावर जखम घडवायची, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायचा. पहिल्या दहा जखमा फसल्यावर ती अकरावीला बसते का, हे पाहावं. फक्त ग्वाल्हेरच्या मे महिन्यात जिलेटिन अंगावरच पाघळतं, म्हणून हा प्रयोग दिवाळीनंतर करावा.