अहवाललेखन : आपत्कालीन विद्यार्थी-साहाय्याचा हिशेब

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास
• ‘मंजूर’, ‘वितरित’ आणि ‘प्राप्त’ या शब्दांतील फरक स्पष्ट करता येईल;
• कार्यालयीन वाक्यरचनेमुळे कोणती माहिती झाकली जाते, हे ओळखता येईल;
• साहाय्यनिधीचा स्वच्छ अहवाल लिहिता येईल.

प्रास्ताविक

अहवाल म्हणजे घडलेल्या कामाची उत्तरदायी नोंद. या नोंदीत भाषेला किती महत्त्व असते, हे आपण करोनाकाळातील विद्यार्थी-साहाय्याच्या आधारे पाहू. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली जिल्ह्याला तडाखा दिला. त्यातून लोक सावरत असतानाच मार्च 2020 मध्ये वाळवा तालुक्यातील इस्लामपूर येथे करोनाचे रुग्ण आढळले आणि पाठोपाठ देशभर टाळेबंदी झाली. त्याच तालुक्यातील आष्ट्यासारख्या गावात शिकणाऱ्या मुलामुलींपुढे शुल्क कसे भरावे आणि ऑनलाइन तासासाठी मोबाइल कोठून आणावा, हे प्रश्न उभे राहिले. अशा वेळी मिळणाऱ्या मदतीचा अहवाल हा शिक्षण चालू राहिले की सुटले, याचाही पुरावा असतो.

साहाय्याची रूपे

अमेरिकेत 27 मार्च 2020 रोजी संमत झालेल्या ‘केअर्स’ कायद्याने उच्च शिक्षण संस्थांना निधी दिला. संस्थांना थेट मिळणाऱ्या रकमेपैकी किमान निम्मी रक्कम विद्यार्थ्यांना रोख साहाय्य म्हणून द्यावी, असे बंधन त्यात होते. एकूण रक्कम किती, पात्र विद्यार्थी किती, लाभ किती जणांना मिळाला आणि निवड कशी केली, हे संस्थांना जाहीर करावे लागले.

आपल्याकडे मदत अनेक वाटांनी आली. कोविडमुळे पालक गमावलेल्या विद्यार्थ्यांना शुल्कमाफी आणि न वापरलेल्या सुविधांच्या शुल्कात सवलत देण्याची भूमिका राज्य शासनाने 2021 मध्ये घेतली. येथे अहवाललेखकापुढे वेगळी अडचण येते. रोख रक्कम दिली की ती खर्चाच्या बाजूला दिसते; माफ केलेले शुल्क मात्र कोणाच्याच हाती पडत नाही. ते केवळ ‘कमी जमा’ म्हणून नोंदले, तर मदत झाली की वसुली राहिली, हे वाचकाला कळत नाही. म्हणून शुल्कमाफीची नोंद स्वतंत्र करावी.

‘देण्यात आले’ या रचनेचा विचार

पुढील वाक्य वाचा : ‘गरजू विद्यार्थ्यांना आर्थिक साहाय्य देण्यात आले.’ वाक्य व्याकरणशुद्ध आहे. ‘-ण्यात आले’ ही रचना कार्यालयीन मराठीत रूढ आहे आणि निर्णय व्यक्तीचा नसून संस्थेचा आहे, हे सुचवण्यासाठी उपयुक्तही आहे. परंतु येथे कर्ता नाही, संख्या नाही, तारीख नाही. ‘गरजू’ कोणी व कोणत्या निकषावर ठरवले, हेही नाही. मुख्य म्हणजे ज्यांनी मागितले पण ज्यांना मिळाले नाही, त्यांना या वाक्यात जागाच नाही.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका महाविद्यालयाच्या साहाय्यनिधीत 1,00,000 रुपये आहेत. 60 अर्ज आले. समितीने प्रत्येकी 2,000 रुपयांप्रमाणे 45 अर्ज मंजूर केले, म्हणजे 90,000 रुपये. रक्कम 45 खात्यांकडे पाठवली. 38 खात्यांत 76,000 रुपये जमा झाले आणि सात जणांचे 14,000 रुपये परत आले. बँकांच्या विलीनीकरणानंतर शाखांचे आयएफएससी बदलतात आणि अर्जात जुनाच क्रमांक राहतो, हे याचे एक संभाव्य कारण. उरलेल्या 15 अर्जांपैकी नऊ उत्पन्नाच्या दाखल्याअभावी व सहा मुदतीनंतर आल्याने नामंजूर झाले.

‘45 विद्यार्थ्यांना साहाय्य वितरित करण्यात आले’ हे वाक्य पाठवणाऱ्याच्या बाजूने खरे आहे; घेणाऱ्याच्या बाजूने सात जणांपुरते खोटे आहे. ‘मंजूर’ हा समितीचा शब्द, ‘वितरित’ हा लेखाविभागाचा आणि ‘प्राप्त’ हा विद्यार्थ्याचा. अहवालात तिन्ही आकडे हवेत. तसेच टाळेबंदीत कार्यालये बंद असताना दाखला आणता न आलेले नऊ जण ‘अपात्र’ ठरत नाहीत. त्यांची ‘कागदपत्रे अपूर्ण’ असतात. एका शब्दाने फेरविचाराचे दार बंद होते, दुसऱ्याने ते उघडे राहते.

जाहीर काय करावे?

अनुदान मंजूर झालेल्या कामावर खर्च झाले, एवढेच उपयोगिता प्रमाणपत्रातून कळते. नाकारलेल्यांविषयी ते काही सांगत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी अनुदान कार्यक्रमांच्या अंमलबजावणीची रीत, त्यासाठीच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. मात्र पारदर्शकता म्हणजे विद्यार्थ्याच्या घरच्या विपत्तीचे प्रदर्शन नव्हे. कोणाचे वडील गेले, कोणाच्या घरी चूल पेटत नव्हती, हे सूचना फलकावर लावण्याचे कारण नाही. आकडे, निकष आणि कारणे उघड असावीत; खासगी दुःख झाकलेले राहावे.

नमुना परिच्छेद

‘विद्यार्थी साहाय्य समितीकडे 60 अर्ज आले. समितीने 45 अर्ज मंजूर केले. त्यांपैकी 38 विद्यार्थ्यांच्या खात्यांत एकूण 76,000 रुपये जमा झाले. सात जणांची रक्कम परत आली असून लेखाविभाग त्यांचे खाते-तपशील दुरुस्त करून घेत आहे. नऊ अर्जदारांना दाखला सादर करण्यासाठी मुदतवाढ दिली आहे. सहा अर्ज मुदतीनंतर आल्याने नामंजूर झाले. निधीत 24,000 रुपये शिल्लक असून त्यांपैकी 14,000 रुपये वरील सात जणांसाठी राखून ठेवले आहेत.’

सारांश

अहवालातील वाक्य लिहून झाले की स्वतःला विचारावे : कोणी केले, किती जणांसाठी केले, केव्हा केले आणि कोण राहिले? नमुना परिच्छेदही या कसोटीवर तपासावा. त्यात तारखा नाहीत. म्हणजे तोही अद्याप अपुराच आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. ‘मंजूर’, ‘वितरित’ व ‘प्राप्त’ यांतील अर्थभेद सोदाहरण लिहा.
2. नमुना परिच्छेदात कोणत्या टप्प्यांच्या तारखा हव्यात, ते सांगून तो पूर्ण करा.
3. आपल्या परिसरातील एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल मिळवा. त्यातील ‘-ण्यात आले’ अशी पाच वाक्ये निवडून ती कर्ता, संख्या व तारखेसह पुन्हा लिहा. जेथे तसे लिहिता येणार नाही, तेथे कोणती माहिती कमी पडते, ते नोंदवा.